मांडणीवरची खाण

“खाण खंय आसा?”

बाबलशेट धुऱ्यांचा तो आवाज अजून कानात आहे. भरला ट्रक पहिल्या गिअरमध्ये घाट चढतो ना, तसा पोटातून येणारा. चपला काढायच्या आधी, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी, आईच्या ‘या, बसा’ला मान हलवायच्याही आधी त्यांनी आमच्या खळ्यात, दारच्या अंगणात, उभं राहून तेवढंच विचारलं.

“आहे हो, आहे,” दत्तूमामा म्हणाला. “खाण काय उठून जातेय? आधी बसा तर.”

दत्तूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्नं जमवणं हा त्याचा धंदा नव्हता, पण त्यावाचून त्याला अन्न गोड लागत नसे. बोलता बोलता त्यानं माझ्या कोपराला असा चिमटा काढला, की त्याचा अर्थ एकच होता: तोंड उघडू नकोस, भूषण.

बोलेरोचं दार वाजलं आणि चावी बोटाभोवती फिरवत चैताली उतरली. तिच्या बाबांचा ड्रायव्हर कुणाच्या तरी हळदीला गेला होता, म्हणून कणकवलीपासून आमच्या राजापूरच्या या आडवाडीपर्यंत गाडी तीच हाकत आली होती. मुलीनं स्थळ बघायला स्वतः गाडी चालवत यावं, हे आमच्याकडे नवीन. दगडी गडग्यापलीकडे दोन डोकी आधीच उगवली होती. चैतालीनं माझ्याकडे पाहिलं ते रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाकडे पाहावं तसं. वाचलं आणि पुढे गेली.

पुण्यात हीच मुलगी माझ्या डब्यातली भाजी न विचारता संपवायची.

तिचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं, खाली आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वर्षभर जिन्यात जे काही झालं ते आम्हा दोघांना ठाऊक, आणि नाइलाजानं दत्तूमामाला. बाबलशेटांपर्यंत ते रीतसर ‘स्थळ’ म्हणूनच पोचायला हवं होतं. कारण बाबलशेटांचे चिऱ्याचे ट्रक. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून उचलायचा आणि जिथे घर उठायचं असेल तिथे नेऊन टाकायचा, यात त्यांचा जन्म गेलेला. “बाबांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास आहे,” चैताली म्हणायची, “चिरा आणि डिझेल.” आणि कुडाळच्या एका खाणमालकाच्या मुलाचं स्थळ त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसलं होतं. आदल्या दिवशी फोनवर ती हळूच बोलली होती, “उद्या तुमच्याकडून ते ‘नाही’ म्हणून निघाले, की तसेच कुडाळला जाऊन लग्न ठरल्याचा नारळ घेतील.”

आता माझी खाण.

दुकान बंद झालं तेव्हा मी तिथली सहा जुनी ग्राफिक्स कार्डं घेऊन गावी आलो. ही कार्डं एरवी खेळातली चित्रं पळवायची. पण त्यांना अवघड गणितं घातली, आणि जगभरच्या यंत्रांच्या झुंडीत आपल्या यंत्राचाही हात लागला, की आभासी नाण्याचा एक कण आपल्या पदरात पडतो. त्याला म्हणतात मायनिंग. म्हणजे खणणं. कुदळ नाही, फावडं नाही, घमेलं नाही, तरी खणणं. मी ते व्हिडिओ बघून शिकत होतो. व्हिडिओतल्या माणसाकडे कार्डं अडकवायला चकचकीत लोखंडी चौकट होती. माझ्याकडे आईची स्टीलची मांडणी होती. जिथे पेले अडकायचे तिथे पंखे अडकले, जिथे ताटं उभी असायची तिथे कार्डं उभी राहिली.

सुरू केलं त्या दिवशी मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी मांडणी घुमायला लागली आणि शेजारच्या सावंतकाकूंचा बल्ब मलूल झाला. पहिला आठवडाभर नाण्याचा एक कणही आला नाही. मग कळलं, की नाणी कुठे जमा करायची तो पत्ता मी व्हिडिओतून अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता. पत्ता त्या माणसाचा होता. आठवडाभर आमच्या विजेवर, आमच्या मांडणीवर, मी त्याची चाकरी केली. जिथे असेल तिथे सुखी असो.

आईला समजावताना तर आणखीच घोळ झाला. मी खणत होतो ते नाणं धाकटं. पण तिला कळावं म्हणून थोरल्याचं नाव घेतलं, बिटकॉइन. तिनं ऐकलं ‘बिटकोय’. बिटकी आंब्याची कोय. कलमं बांधायला कोयी लागतात हे तिला माहेरापासून ठाऊक. पोरानं शेवटी जमिनीतला धंदा धरला म्हणून ती हरखली. दोन दिवसांनी बघतो, तर मागल्या पडवीत अर्धं पोतं.

“हे काय गं?”

“वाडीतल्या पोरांना सांगून ठेवलंय,” ती म्हणाली. “खाऊन झालं की टाकायच्या नाहीत, भूषणला हव्यात. चोखलेल्या आहेत हो, धुऊन घे.”

खरा प्रकार कळल्यावर ती दोन घास कमी जेवली, पण हार मानणारी बाई नव्हे. मांडणीमागून गरम वारा येतो हे तिच्या ध्यानात आलं. मे महिना, कोकमांचे दिवस, आणि आभाळाला रोज मळभ. कोकमाच्या साली आगळात, त्यांच्याच खारवलेल्या रसात, भिजवून वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, तेव्हा सोलं होतात. आणि ऊन तर नाही. तिनं सुपं आणली आणि मांडणीभोवती मांडली. सोलं अशी खमंग वाळली, की तिनं माझ्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं. मी यंत्र बंद करायला गेलो तर म्हणायची, “थांब रे, अजून ओलसर आहेत.”

आणि या सगळ्याची कणकवलीत पोचेपर्यंत झाली ‘मुलाची स्वतःची खाण आहे’.

मी मामालाच धरलं. “मी नाही रे असं बोललो,” तो शपथेवर सांगत होता. “मी म्हटलं मुलगा हुशार आहे, मायनिंग करतो. बस.” पण त्याच्या शपथेला कोण विचारतो? एका टकल्या मुलाचं लग्न त्यानं ‘कपाळ भव्य आहे’ एवढ्या एका वाक्यावर जमवलं होतं.

“मी खरं काय ते सांगून टाकणार,” मी म्हणालो होतो.

“सांग की. पण पोहे झाल्यावर. उपाशी माणूस नकार लवकर देतो.”

तर पोहे आले. बाबलशेट ओटीवरच्या खुर्चीत मावले नाहीत, नुसते टेकले. चैताली त्यांच्या शेजारी, खाली मान घालून, जन्मभर खालीच मान घातल्यासारखी.

“कामगार किती?” बाबलशेटांनी पहिला घास घेतला.

मी मामाकडे पाहिलं. मामानं छताकडे पाहिलं.

“कामगार नाहीत. मी एकटाच.”

“एकटो? मगे कापता कोण?”

“सगळं यंत्रावर आहे.”

“यंत्रा किती?”

मी मनातल्या मनात कार्डं आठवली. “सहा.”

“सहा!” त्यांच्या भुवया वर गेल्या. “थांबवतंस कधी?”

“थांबवत नाही. दिवसरात्र चालू.”

“दिवसरात्र? आणि शेजारी गप रवतत?”

“सावंतकाकू बोलतात कधीकधी. त्यांचा टीव्ही हलतो.”

“हलतलोच!” बाबलशेटांनी मांडीवर थाप मारली. “धुरळो?”

“होतो ना. आठवड्याला ब्लोअर मारतो.”

“बरा करतंस. आणि माल खंय जाता?”

“कुठेही जातो. जगात कुठेही.”

चैतालीला ठसका लागला. आईनं तिच्यापुढे पाणी केलं, मामानं तेवढ्यात विषय बदलून आंब्याचा भाव काढला, पण बाबलशेट विषय सोडणारे नव्हते.

“गाडी कोणाची लावतंस?”

“गाडी... लागत नाही.”

त्यांचा चमचा हवेतच राहिला. “माल गाडयेशिवाय जाता?”

“हो.”

“जाता कसो?”

‘वायरीतून’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मामानं झडप घालून त्यांच्या ताटलीत पोह्यांचा आणखी एक डोंगर उभा केला. “खोबरं घ्या हो वर. घरचं आहे.”

बाबलशेटांनी ताटली खाली ठेवली. हळू, चिरा बसवावा तशी. “माका बघूची आसा. आत्ता.”

“ऊन फार आहे हो,” मामा म्हणाला.

“मळभ आहे,” चैताली म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली, ती हे.

“लांब आहे जरा. रस्ता वाईट.”

“लांब कसली रे दत्तू?” आतून आईचा आवाज आला. “मागल्या पडवीत तर आहे. माझ्या मांडणीवर.”

मामानं डोळे मिटून घेतले.

पडवीचं दार ढकललं तसा गरम वारा अंगावर आला. आत मांडणी घुमत होती. हिरवे-तांबडे दिवे लुकलुकत होते. आणि भोवती सुपंच सुपं, सोलांनी भरलेली, काळपट तांबडी. आगळाचे थेंब जमिनीवर सांडून जमीनही तांबडी झालेली. एवढाच काय तो आमच्या खाणीचा रंग.

बाबलशेट आत गेले. मांडणीच्या पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग हात गुडघ्यांवर ठेवून, कण्हत, वाकून खाली पाहिलं.

“खड्डो खंय?”

“खड्डा नाही,” मी म्हणालो.

“मगे ह्या काय भायर काढता?”

मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. तिला पाहुण्यांपुढे गप्प बसणं कधी जमलंच नाही. शिवाय हात कामात असले की तिच्या तोंडी ओवी येते, ती तिची ती थांबत नाही. सोलं उलथता उलथता ती म्हणाली, “अहो, मलापण आधी कळेना. मग मीच मनाशी असं धरलं—

दळण दळी वारा, दाणा दिसेना गं बाई
पीठ जातं परदेशी, सुपात गं काही नाही.”

बाबलशेट तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशीच्या टोकाशी काहीतरी हललं, पण ते हसू होतं की संताप, हे सांगायला मामाही धजावला नसता.

“सुपात काय नाय?” ते म्हणाले. “हीं सोला आसत मां?” आणि त्यांनी ओल्याच सुपातलं एक सोल उचललं, झटकलं, आणि तोंडात टाकलं.

झटकलेला थेंब उडाला तो थेट खालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर.

फट्‌ झालं. निळी ठिणगी दिसली, दिवे विझले, आणि सहाच्या सहा पंखे गरगरत, धापा टाकत, एकेक करून थांबले.

पडवीत अशी शांतता महिनोन्‌महिने नव्हती. मागच्या फणसावर कावळा अंग खाजवत होता, तेही ऐकू आलं. सावंतकाकूंच्या घरातून आनंदाचा आवाज आला: “गं बाई, लख्ख झाला बल्ब!”

मामाला तेवढ्यात वाट सापडली. “हं! झालं का आता? बंद पडली खाण. मिस्त्री आल्याशिवाय काही दिसायचं नाही. चला बाबलशेट, ओटीवर बसू, सरबत घेऊ, बाकीचं मग फोनवर बोलू.”

वाट चांगली होती. फोनवर बोलताना मामा डोंगराची खाण करू शकला असता आणि खाणीचा डोंगर. मी चैतालीकडे पाहिलं. ती सुपाकडे बघत होती, आणि तिच्या बोटाभोवतीची चावी फिरायची थांबली होती.

“ही खाण नाही,” मी म्हणालो.

“भूषण,” मामा हळूच म्हणाला.

“खाण नाही, चिरा नाही. दगडाचा तुकडा नाही यात. हे गणितं सोडवणारं यंत्र आहे. त्यातून कधी थोडंसं येतं, कधी येत नाही. मलाच ते अजून पुरतं कळलेलं नाही. पहिला आठवडा तर मी एका परक्या माणसासाठीच खणत होतो. तुम्हाला खाण म्हणून सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. हे ऐकून चैतालीला तुम्हाला कुडाळच्या खाणीत द्यायचं असेल तर—”

“खाणीत नाय,” बाबलशेट शांतपणे म्हणाले. “खाणवाल्याक.”

“हो. खाणवाल्याला.” आणि आपण तिचं नाव अगदी जिन्यातल्यासारखं घेतलं हे मला तेव्हा कळलं.  आई एका सुपातली सोलं उगीचच दुसऱ्या सुपात टाकत होती.

बाबलशेटांनी तोंडातलं सोल या गालातून त्या गालात नेलं.

“ह्या बंद कोणी पाडला?”

“थेंब उडाला जरा.”

“उडालो नाय. मी उडवलंय. मगे आता चालू कर बघू. माझ्यासमोर.”

त्यांनी कोपऱ्यातला पाट पायानं ओढला आणि त्यावर बसले. मी मेन स्विच पाडला, बोर्ड पुसला, घरातून दुसरा कोरडा बोर्ड आणला, एकेक कार्ड सोडवून फुंकर मारून पाहिलं. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता आणि तो तरी बोर्डावर पडू नये म्हणून मी मान वाकडी करून बसलो होतो. हात मागे केला. त्या हातात नेमकी हवी ती केबल आली. पुन्हा केला, पेचकस आला, तोही बारीक तोंडाचा. दुकानात संध्याकाळी मी काही उघडून बसलो, की चैताली अशीच मागे उभी राहायची. चार वस्तू हातात आल्यावर माझ्या लक्षात आलं. तिच्याही. तिचा पाचव्या वस्तूचा हात तसाच अधांतरी राहिला.

बाबलशेट माझ्याकडे नाही, त्या हाताकडे बघत होते.

मी स्विच वर केला. एक पंखा खोकला, दुसरा हलला, मग सगळे. मांडणी पुन्हा घुमायला लागली. “मेला पुन्हा मंद झाला,” सावंतकाकू म्हणाल्या.

बाबलशेट कान देऊन ऐकत राहिले, गॅरेजमध्ये ट्रकचं इंजिन ऐकावं तसे. “आवाज बरो आसा,” म्हणाले, आणि उठले.

सरबत त्यांनी उभ्याउभ्या घेतलं. आईनं दिलेली सोलांची पुडी खिशात टाकली. गाडीत बसताना मामानं विचारलं, “मग काय समजायचं आम्ही?”

“बघूया.”

एवढंच. बोलेरो वळणाआड गेली. तांबडी धूळ खाली बसली. मामा पायरीवर बसला. “गेलं स्थळ,” तो म्हणाला. “पोहे फुकट.” मग माझ्याकडे वळला. “कोडगेपणानं गप्प बसायलाही शिकवायला हवं होतं तुला.”

 आई पडवीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आतून फक्त यंत्र ऐकू येत होतं. मी खळ्यात उभा राहून त्या वळणाकडे बघत होतो, जणू रस्ता गेलेलं माणूस परत आणून देतो.

दुसऱ्या सकाळी मामा धावत आला. पायात एकच चप्पल. “होकार!” तो गडग्याबाहेरूनच ओरडला. “होकार रे भूषणा! तारीख काढा म्हणतायत!”

या होकाराचा उलगडा ज्यानं त्यानं आपापल्या परीनं केला. आई म्हणाली, सोलं. असली सोलं त्यांनी जन्मात खाल्ली नसतील. मामा म्हणाला, मधला माणूस पक्का लागतो. चैतालीला विचारलं तर ती हसून म्हणायची, “बाबांच्या मनातलं कोण सांगणार? तू पोहे चांगले खाल्लेस म्हणून असेल.” मी तर एकही घास खाल्ला नव्हता.

पुढे त्या नाण्याची खणाईच बंद झाली. कार्डं कामाला लागली तिथे लागली, मांडणीवर पेले परत आले, आणि मी कणकवलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. सासरेबुवांशी, म्हणजे अण्णांशी, बरं जमलं, इतकं की त्यांच्या ट्रकमध्ये मी अधूनमधून नुसता गप्पागजाली ऐकायला बसतो.

परवा असाच बसलो होतो. एका खाणीवर चिरा भरणं चाललं होतं. खरी खाण, खड्डा असलेली. कटर ओरडत होता, हमाल चिरे झेलत होते, धुळीनं काच तांबडी झाली होती. तेवढ्यात दत्तूमामाचा फोन येऊन गेला. आणखी एक स्थळ, आणखी एक भव्य कपाळ. मला हसू आलं.

“काही म्हणा, अण्णा,” मी म्हणालो, “मामानं तेव्हा ती खाण केली नसती, तर तुम्ही आमच्या खळ्यात पाऊलसुद्धा टाकलं नसतंत.”

“दत्तूमामान नाय केली ती.”

“मग कोणी?”

बाबलशेटांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गळ्यातल्या पंच्यानं मान पुसली.

“तुझ्या बायलेन. एका संध्याकाळी माझ्याकडे इला आणि म्हणाला, बाबा, राजापुराक एक मुलगो आसा, त्याची खाण आसा. माझ्या डोळ्यांत बघूक पण नाय.”

 ती इतकी वर्षं नुसती हसत होती. मामा बिचारा इतकी वर्षं शपथा घेत होता.

“आणि तुम्हाला ते खरं वाटलं?”

“मेल्या, आयुष्य गेला चिरे भरण्यात. तुमच्या गावात खाण नाय, ह्या माका ठावक नाय?”

“मग आलात कशाला?”

ते समोरच्या तांबड्या काचेकडे बघत राहिले. बाहेर शेवटचा चिरा चढला, हमालानं फाळक्यावर थाप मारली. त्यांनी किल्लीला हात घातला, पण फिरवली नाही.

“माझा चेडू जल्मात कधी माझ्याकडे खोटा बोलूक नव्हता. त्या दिवशी बोलला. मी म्हटलंय, ज्याच्यासाठी बोलला, तो तरी खरा बोलता काय, बघून येवया.”